मापाचा दिवस

सुतार चार वाजता येणार होता. अडीच वाजले तरी कोठीच्या दारापाशी उभं राहायला कोणी तयार होईना, तेव्हा सुईने मोजपट्टी गुंडाळून खिशात टाकली आणि ती पुठ्ठ्यांच्या उरल्यासुरल्या गठ्ठ्यावर जाऊन बसली.

"आमची कसली मापं घेतेस आता?" आत्या म्हणाली. "मी वाढले ती रुंदीत. ते काही या दाराला झेपायचं नाही."

बांधणीचा कारखाना रिकामा झाला होता. शिलाईची टेबलं गेली होती, कागद कापायचं यंत्र गेलं होतं, उद्या किल्ल्याही नव्या मालकाच्या हाती जायच्या होत्या. उरला होता पुस्तकं दाबायचा लोखंडी शिकंजा, कारण तो हलवायला सहा माणसं लागणार होती, आणि चार खुर्च्या. खळीचा वास मात्र जागचा हलला नव्हता. तो वास आला की सुई आठ वर्षांची व्हायची, छापील फर्म्यांच्या ढिगामागे लपलेली आणि आजीच्या हाकेला ओ न देणारी. बांधणीच्या सुईसारखी काडी होती म्हणून तिला हे नाव पडलं. आता चव्वेचाळिसाव्या वर्षी ती खरोखरच सुया घेऊन नातेवाइकांच्या मागे लागायची, आणि पोरीनं नावाचं सार्थक केलं असं आत्या येईल त्याला सांगत सुटायची.

तीन महिन्यांपूर्वी तिने वाकणाऱ्या पाठींवरच्या आपल्या संशोधनासाठी सगळ्यांचं रक्त नेलं होतं. आज उत्तरं आणली होती. पण उत्तरांआधी तिला कोठीच्या दाराची ही चौकट हवी होती; सुतार ती उखडून द्यायलाच येणार होता.

वर्षातून एकदा कारखान्याची झाडलोट झाली की त्याच दुपारी घरातल्या प्रत्येकाने या चौकटीला पाठ लावून उभं राहायचं, हा आप्पांचा, म्हणजे सुईच्या आजोबांचा, नियम. डोक्यावर एक जाडजूड पुस्तक आडवं धरायचं, पुस्तकाखाली पेन्सिलीची रेघ मारायची, शेजारी साल लिहायचं. प्रत्येकाची पट्टी वेगळी. मोठ्यांचीही सुटका नसे. "पोरांना मोजायचं आणि आपण मिशा पिळत बघायचं, हा कुठला न्याय?" आप्पा म्हणायचे. त्यामुळे या चौकटीवर पोरं वाढताना दिसत होती आणि आप्पा कमी होताना. त्यांची पहिली रेघ सुईच्या कपाळावरून जात होती, शेवटची तिच्या ओठांशी होती. शिकंज्यावर जन्म घालवला म्हणून आपण वाकलो, असं ते अभिमानाने सांगत, आणि सगळ्या घराने ते खरं मानलं होतं.

"साठ कुटुंबांची माहिती आहे माझ्याकडे," सुई म्हणाली. "पाठ कधीपासून दुखायला लागली विचारलं की माणसं आठवून सांगतात. आणि माणूस आपल्या सोयीचं आठवतो. असं दार कुणाकडेच नाही. हे दार कुणाची भीड ठेवत नाही."

तिचे बाबा खिडकीशी उभे होते. एकाहत्तरीतही ते छडीसारखे ताठ होते आणि त्यांना ते माहीत होतं. लेकीचं बोलणं ऐकून त्यांनी विनाकारण खिडकीची कडी उघडली आणि पुन्हा लावली.

त्यांचा धाकटा भाऊ खुर्चीत बसला होता. घरात त्याला नवाब म्हणत. सकाळी उठायला उशीर करतो म्हणून विशीत चिकटलेलं नाव सहासष्टाव्या वर्षीही सुटलं नव्हतं. त्याची पाठ आता पार वाकली होती आणि मान वळत नव्हती, त्यामुळे बोलणाऱ्याकडे तो खुर्चीसकट वळायचा. एकोणचाळीस वर्षांत तो या कारखान्यात दोनदा आला, आई गेली तेव्हा आणि आप्पा गेले तेव्हा, आणि दोन्ही वेळा जेवायला न थांबता गेला. या खेपेला सुईने गळ घातली म्हणून आला.

त्याने घर सोडलं तेव्हा सुई पाच वर्षांची होती. तिच्या आठवणीतला काका नेहमी दुपारनंतरचा असायचा. तिला खांद्यावर घेऊन मैदानावर नेणारा, चेंडूमागे धावणारा, घामेजलेला. सकाळचा काका तिला आठवतच नव्हता. असं का, हे तिला शिकून सवरून परत आल्यावर कळलं.

*

आत्याला चहा झाल्याशिवाय गंभीर गोष्टी ऐकवत नसत. तिने थर्मासमधून चार पेले भरले, दादाला, म्हणजे सुईच्या बाबांना, बिनसाखरेचा दिला, नवाबाला दोन चमचे साखर घालून, आणि मग म्हणाली, "हं, आता सांग. कुणाच्या रक्तात काय निघालं?"

"आपल्या शरीरात एक राखणदार असतो," सुई म्हणाली. "बाहेरून रोग आला की त्याला बडवायचं, हे त्याचं काम. काही माणसांत तो घरच्यांनाच चोर समजतो आणि झोडपत सुटतो. आपल्या घराण्यात तो पाठीच्या कण्याला झोडपतो. मग मणके एकमेकांना चिकटतात आणि माणूस वाकतो. शिकंज्याचा यात काही संबंध नाही. आप्पा पोस्टात असते तरी वाकले असते."

"आप्पांना सांगितलं असतंस तर त्यांनी तुला पुठ्ठ्याने मारलं असतं."

"हा राखणदार बिथरायचा संभव ज्यांच्यात असतो, त्यांच्या रक्तात एक खूण सापडते. जन्मापासून असते, आईबापांकडून येते. माझ्यात आहे. काकांच्यात आहे." ती क्षणभर थांबली. "बाबा, तुमच्यातही आहे."

खिडकीशी उभे असलेले बाबा वळले. "माझ्यात? मला तर काही झालं नाही."

"खूण असली म्हणजे आजार होतोच असं नाही. बहुतेकांना होत नाही. मला अजून झालेला नाही."

"मी पहाटे सहाला शिकंज्यावर असायचो. एक दिवस चुकवला नाही. अंगाला शिस्त लावली म्हणून—"

"शिस्तीने नाही, बाबा. तुमचं नशीब. दोघा भावांत एकच खूण, त्यातला एक वाकतो आणि एक वाकत नाही, ते का, हेच तर मी शोधतेय. रक्तात आणखी काहीतरी आहे जे एकाला वाचवतं. अशी जोडी मिळायला आम्ही वर्षानुवर्षं वाट बघतो, आणि माझ्या तर घरातच होती."

"आणि माझ्यात?" आत्याने विचारलं.

"तुझ्यात नाही."

"बघा! वडिलांच्या इस्टेटीत लेकीला वाटा नाहीच. खुणेतसुद्धा नाही."

नवाब हसला. हसताना त्याचे खांदे हलले नाहीत, नुसता आवाज आला. आत्याला बरं वाटलं. तिने या दोन भावांना एका खोलीत हसताना पाहिल्याला किती वर्षं झाली ते मनात मोजलं आणि मोजणं अर्ध्यावर सोडून दिलं. ती कायम दादाच्या बाजूने बोलत आली होती. दादा राबला, नवाब पळाला, हा तिचा हिशेब सोपा होता आणि सगळ्या समारंभांत तिने तो आल्यागेल्याला ऐकवला होता.

"पण एक सांग," ती म्हणाली, "याचं तर विशीपासून दुखतंय दुखतंय चालायचं. सकाळी वाकता येत नाही म्हणे, आणि संध्याकाळी मैदानावर हरणासारखा. असा कुठला आजार असतो?"

"हाच," सुई म्हणाली. "झोपून राहिलं की आखडतं, हालचाल केली की मोकळं होतं. पहाट सगळ्यात वाईट. दुपारपर्यंत माणूस सुटतो. साध्या पाठदुखीत उलटं असतं, आराम केला की बरं वाटतं. आम्ही पहिला प्रश्न हाच विचारतो, सकाळी किती वेळ आखडलेलं असतं?"

"दोन तास," नवाब म्हणाला. कुणी त्याला विचारलं नव्हतं. "थंडीत तीन."

आत्या मनातल्या मनात तास मोजू लागली. घर वरच्या मजल्यावर, कारखाना खाली; तो पहाटे सहाला उघडायचा. दोन तास म्हणजे आठ, थंडीत नऊ. आप्पा रोज आठ वाजता जिन्याखाली उभं राहून ओरडायचे, "नवाबसाहेब, उजाडलं का?" आणि ती स्वतः पोळ्या लाटता लाटता फिदीफिदी हसायची. नाव आप्पांनी ठेवलं असं सगळे समजत. खरं तर ते तिने ठेवलं होतं.

"नवाब," ती म्हणाली. "अरे, मी... तुझ्या चहात साखर पुरे आहे ना?"

"पुरे आहे," तो म्हणाला.

"फक्त एक अडचण आहे," सुईने वही उघडली. "काका म्हणतात विसाव्या वर्षी सुरू झालं. दार तसं म्हणत नाही. विसाव्यापासून सव्विसाव्यापर्यंत काकांची रेघ तिथल्या तिथेच आहे, एकावर एक मारून जाड झालेली. इतक्या लवकर आणि इतका जोरात आजार सुरू झाला असता तर सात वर्षांत निदान बोटभर तरी उतरली असती. आप्पांची उतरलीय. मला दाराप्रमाणे लिहावं लागेल, की घर सोडलं तेव्हा काकांची पाठ सरळ होती आणि आजार तिशीनंतरचा."

नवाब खुर्चीसकट चौकटीकडे वळला. त्या जाड रेघेकडे त्याने पाहिलं.

"लिही तसं," तो म्हणाला. "दाराशी कोण भांडणार? आप्पांनीही दारालाच विचारलं होतं."

*

थोरल्याला, म्हणजे दादाला, ते आप्पांचं विचारणं शब्दन् शब्द पाठ होतं.

भांडणाला कारण फुटकळ होतं, शाळेच्या पुस्तकांची मोठी बांधणी घाईत होती आणि नवाब सलग चौथ्या दिवशी साडेआठला खाली आला. आप्पा त्याला दंड धरून या चौकटीपाशी घेऊन आले. आप्पांना स्वतःला तेव्हा मान वर करून त्याच्याकडे बघता येत नव्हतं, ते त्याच्या छातीशी बोलत होते. "मी वाकलोय ते कामानं. हा म्हणतो, याचीही पाठ गेली. गेली तर दिसेल ना? सात वर्षं एक रेघ! दादा, माप तू घेतोस. सांग सगळ्यांसमोर, हा वाकलाय का?"

आप्पांचे हात वर जाईनासे झाले तेव्हापासून पेन्सिल थोरल्याकडे होती. सगळ्या घराने त्याच्याकडे पाहिलं. आईने पाहिलं. नवाबाने सगळ्यात जास्त पाहिलं.

"रेघ तर तिथंच आहे," थोरला म्हणाला होता.

नवाब दुसऱ्या दिवशी दुपारी गेला. सकाळी त्याला पेटी उचलता आली नसती. हे सबंध घरात फक्त थोरल्याला ठाऊक होतं, कारण ते दोघे एका खोलीत झोपत असत त्या काळात त्याने भावाला अंधारात पलंगाची कड धरून इंचाइंचाने उठताना ऐकलं होतं. लग्न झाल्यावर खोली बदलली. ते ऐकू येईनासं झालं आणि त्याला सुटल्यासारखं वाटलं होतं.

तरी इतकी वर्षं त्याने मनाची समजूत घातली होती. रेघ खोटी असेल, पण नवाब थोडा आळशी होताच की. आपण राबलो म्हणून ताठ राहिलो. पहाटे सहाला उठणाऱ्याची पाठ देवही राखतो. आज त्याच्याच लेकीने चहाचा पेला हातात धरून सांगितलं होतं की त्याच्यातही तीच खूण आहे, आणि ताठ पाठ ही त्याची कमाईच नव्हती.

"बाबा, तुम्ही बसा बरं," सुई म्हणाली. "चेहरा उतरलाय तुमचा."

"तुझ्या वहीत त्या रेघेखाली काय लिहिलंयस?" त्याने विचारलं.

सुईने पान उलटलं. तिने चौकटीचा इंच न् इंच टिपून ठेवला होता. "काकांच्या पट्टीत रेघेखाली बारीक भोकं आहेत. किडीची. सहा की सात."

"सात."

"हो, सात."

"कीड लागायला ते आंब्याचं लाकूड नाही," थोरला म्हणाला. "सागवान आहे."

तो चौकटीपाशी गेला. रेघेखाली बोट ठेवून दाखवू लागला. "ही कीड नाही. हे दाभण आहे. माझं. फर्मे टोचायचं. वर पेन्सिल मारायचो आणि इथे, पुस्तक खरोखर टेकायचं तिथे, दाभण टोचायचो. वरून मेण चोळायचो."

 सुई उठून जवळ आली, खिशातलं भिंग तिने काढलं. भोकं एकाखाली एक उतरत गेली होती, तीळ तीळ अंतराने. सगळ्यात खालचं रेघेपासून बोटभर खाली होतं.

"पहिलं भोक पाडलं त्या वर्षी आप्पांची रेघ गव्हाच्या दोन दाण्यांएवढी उतरली," थोरला चौकटीशीच बोलत राहिला. "आई इथे ट्रे घेऊन उभी होती. ती मागच्या अंगणात गेली ती लवकर आलीच नाही. मग याची पाळी आली. मी म्हटलं, डोकं टेकव. हा म्हणाला, टेकलंय. टेकलं नव्हतं. मागे फट होती. मला वाटलं, आईला आजच्या आज दोन दोन नकोत. पुढच्या वर्षी खरी रेघ मारू. पुढच्या वर्षी मारली असती तर मागची खोटी ठरली असती. मग ते तसंच..." त्याने भोकांवरची धूळ अंगठ्याने पुसली. "आणि आप्पांनी विचारलं तेव्हा मी हेच दाखवायला हवं होतं. दाभणाची भोकं. माझी जीभ उचललीच नाही."

"दादा!" आत्या म्हणाली. त्या हाकेत तिने आयुष्यभर दादाची घेतलेली बाजू सुटून खाली पडली. ती उठली आणि आपली खुर्ची ओढत नवाबाच्या शेजारी नेऊन बसली.

*

नवाबाला उठायला वेळ लागला. बहिणीने हात पुढे केला, तो त्याने घेतला नाही. उठून तो चौकटीपाशी आला आणि त्याने तर्जनी पहिल्या भोकावर ठेवली. मग दुसऱ्या. पुस्तकांच्या पाठी चाचपून त्याचं बोट सरावलेलं होतं, शाळेच्या ग्रंथालयात तीस वर्षं त्याने तेच काम केलं होतं. सातव्या भोकावर बोट थांबलं.

"म्हणजे तुला माहीत होतं."

"पहिल्यापासून."

"तुला माहीत होतं," नवाब पुन्हा म्हणाला. त्याला राग येत होता, पण जो राग यायला हवा होता तो हा नव्हता. "आप्पांचं मला काही वाटलं नाही रे. आप्पा सगळ्यांनाच बोलायचे. मला या रेघेने मारलं. मी रात्री मेणबत्ती घेऊन येऊन बघायचो. दुखतंय तर मग रेघ का उतरत नाही? दार काही खोटं बोलणार नाही. म्हणजे मीच खोटा. दादा, मी एकोणचाळीस वर्षं, पाठ उघड वाकल्यावरसुद्धा, रोज सकाळी पलंगावर आखडून पडलेला असायचो आणि स्वतःला म्हणायचो, नवाबसाहेब, नाटकं पुरे. उठा."

थोरला रडत होता. ताठ माणसाला रडताना डोकं कुठे लपवावं ते कळत नाही. तो तसाच उभ्याने रडला.

सुईने वहीतली 'किडीची भोकं' ही ओळ खोडली. तिलाही समोरचं अक्षर धड दिसत नव्हतं, पण हात थांबला की आपणही बसून रडू हे तिला ठाऊक होतं. "सुरुवातीचं वय," ती म्हणाली. "वीस लिहिते."

"वीस," नवाब म्हणाला.

"एकोणीस," थोरला म्हणाला.

दोघांनी त्याच्याकडे पाहिलं.

"एकोणिसाव्या वर्षीच केसभर कमी भरला होता. मला वाटलं माझाच हात हलला. तेव्हा मी भोकसुद्धा पाडलं नाही." त्याने नाक पुसलं. "एकोणीस लिही."

सुईने एकोणीस लिहिलं.

बाहेर हातगाडी थांबल्याचा आवाज आला. सुताराने दारातून डोकावून विचारलं, हीच का चौकट, आणि एवढ्या चांगल्या सागवानावर ही गिचमिड कुणी केली?

"पाच मिनिटं थांबा," नवाब म्हणाला. "माझं माप राहिलंय."

आप्पांचं ते जाडजूड पुस्तक आत्याने शोधून काढलं, ते कुणी विकत घेतलं नव्हतं. नवाबाने चपला काढल्या. टाचा लाकडाला लावल्या, कंबर लावली. खांदे टेकेनात, मग डोकं कुठलं टेकायला. चौकट आणि डोकं यांच्यामध्ये वीतभर जागा राहिली.

"माफ केलं वगैरे मी म्हणणार नाही," तो समोर बघत म्हणाला. "आज तरी नाही."

"नको म्हणूस."

"माप घे."

थोरल्याने सुईकडून पेन्सिल घेतली. डोकं टेकव, हे शब्द सवयीने त्याच्या ओठांवर आले आणि त्याने ते गिळले. त्याने डावा हात त्या वीतभर जागेत घातला, लाकडाला मनगट टेकवून बोटांवर भावाचं डोकं घेतलं. डोकं चांगलंच जड होतं. मग आत्याने पुस्तक आडवं धरलं, आणि जिथे ते टेकलं तिथेच त्याने उजव्या हाताने रेघ मारली.